आजीचे ‘पुरे’ आणि आजीचे दुखणे

महामंगल सुत्तातील अडतीस मंगलांपैकी संतुट्ठी आणि कतञ्ञुता ही दोन एकाच गाथेत शेजारी शेजारी येतात. संतुट्ठी म्हणजे संतोष. कतञ्ञुता म्हणजे आपल्यासाठी कोणी काय केले याची जाण. विहारात हे सुत्त आपण म्हणतो. त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ आम्हा नातवंडांना समजला तो आजीकडून.

आजी दीड भाकरी खाते आणि ‘पुरे’ म्हणते. कितीही आग्रह करा, ताट पुढे करत नाही. उरलेल्या भाकरीचा सकाळी कुस्करा होतो. धडके लुगडे अंगावर असताना ती दुसरे मागत नाही. भूक भागली की थांबावे, हा आरोग्याचा पहिला धडा आम्हाला तिच्या ताटावरून मिळाला.

घरात नळाला पाणी आले की ती म्हणते, “हे फुकट नाही आलं, बाळांनो.” २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ती गोष्ट मग पुन्हा निघते. त्याचबरोबर बाळंतपणात रात्र जागून काढणारी शेजारीणही तिला आठवते. आधी उपकार करणारा आणि केलेला उपकार जाणणारा, अशी दोन माणसे जगात दुर्मीळ असतात, असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे.

पण याच आजीचे गुडघे दुखतात, पायांना मुंग्या येतात, तेव्हा ती म्हणते, “वय झालं, चालायचंच.” बरे वाटले की रक्तदाबाची गोळी बंद करते. “पोरांना कशाला खर्च?” हे तिचे कारण. अनेक घरांतील आजी-आजोबा असेच बोलतात, आणि आपण त्याला समाधानी स्वभाव समजतो.

ही संतुट्ठी नव्हे. बुद्धांनी भिक्खूच्या चार गरजा मानल्या: चीवर, भिक्षान्न, निवारा आणि आजारपणातील औषध. सर्वस्वाचा त्याग केलेल्या भिक्खूलाही औषध आवश्यक मानले, तर आपल्या आजीला ते चैनीचे कसे ठरेल? संतोष हा हावेवरचा उपाय आहे. दुखणे सोसत बसण्याचा उपदेश नव्हे. जे आहे त्यात गप्प बसणे म्हणजे संतोष असता, तर चवदार तळ्यावर कोणी गेलेच नसते.

वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही. म्हणून बरे वाटते हे गोळी बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पायांच्या मुंग्यांमागे मधुमेह असू शकतो. वयावर ढकलण्याआधी रक्तातील साखर तपासावी. तिशीनंतर रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून घेता येते.

कृतज्ञतेचा लाभ ती बाळगणाऱ्यालाही होतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही विद्यार्थी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञ वाटलेल्या पाचपर्यंत गोष्टी लिहीत होते. काही जण रोजच्या कटकटी लिहीत होते. पहिल्या गटाने शारीरिक तक्रारी कमी सांगितल्या आणि व्यायामही जास्त केला.

आपण या रविवारपासून एवढे करू या:

१. वंदनेनंतर घरातील प्रत्येकाने, या आठवड्यात आपल्याला कोणाची मदत झाली ते नावानिशी सांगावे.

२. जेवताना पोट भरले की ‘पुरे’ म्हणावे, आणि दुसऱ्याच्या ‘पुरे’चा मान राखावा.

३. आजी-आजोबांना “बरं आहे ना?” एवढेच विचारून थांबू नये. कुठे दुखते, झोप लागते का, गोळी घेतली का, असे एकेक विचारावे.

४. महिन्यातून एकदा त्यांचा रक्तदाब मोजून वहीत लिहावा. दवाखान्यात नेताना ती वही सोबत न्यावी, आणि खर्चाचा विषय त्यांच्यासमोर काढू नये.

आजीने आपल्यासाठी काय केले याची जाण आपल्याला खरोखर असेल, तर ती तिच्या गोळ्यांच्या डबीत दिसली पाहिजे.