केवड्याची मुळे आणि फळ

प्रश्न : नागपुरातील अंगणात लावलेल्या केवड्याच्या खोडातून जाड मुळे जमिनीकडे येत आहेत. ती छाटावीत का? कणीस येते, पण फळ का धरत नाही?

उत्तर : केवडा पँडेनेसी या उष्ण प्रदेशातील कुळातला. हे कूळ एकदलिकित असल्याने त्याचे खोड सागासारखे वर्षागणिक जाड होत जात नाही. वर मात्र मळसूत्री रांगांत येणाऱ्या लांब काटेरी पानांचा भार वाढतो. तो पेलण्यासाठी खोडातून तिरपी आधारमुळे फुटतात. कोकणकिनाऱ्याच्या भुसभुशीत वाळूत त्यांचे मोल अधिक. नागपूरला वाळू नाही, समुद्रवारा नाही, पण खोड तेच. म्हणून मुळे छाटणे धोक्याचे.

केवड्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. गौरी-गणपतीत बाजारात येणारे, पांढरट आवरणपानांचे सुगंधी कणीस नराचे. ओडिशातील गंजाम जिल्ह्यात त्याचेच अत्तर काढतात. फळ मादीवर धरते. ते अननसासारखे दिसते, नाते मात्र काही नाही. घमघमणारे कणीस देणारे झाड नर असल्याने त्याला फळ येणार नाही. त्याच्या बुंध्याचे फुटवे लावले, तरी तेही नरच निपजतील.