उतारवय, घर आणि आशा
(द्वितीय वर्ष कला)

स्वतःचे घर असावे, ही आपल्याकडील सामान्य माणसाची आयुष्यभराची इच्छा. ती पुरी करण्यात त्याची उमेद आणि कमाई दोन्ही खर्ची पडतात. साठी उलटल्यावर मात्र पुष्कळदा असे दिसते की, घर लाखांचे आहे पण औषधाला पैसा नाही. अशा वृद्धांसाठी एक मार्ग उपलब्ध असूनही फारच थोडे लोक त्या वाटेला जातात. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा मार्ग म्हणजे 'रिव्हर्स मॉर्गेज', अर्थात उलटे गहाण. २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात याची घोषणा झाली आणि २००८ मध्ये सरकारने योजना अधिसूचित केली. नेहमीच्या गृहकर्जात आपण बँकेला हप्ते देतो. येथे बँक घरमालकाला हप्ते देते. कर्ज घेणाऱ्याचे वय किमान ६० वर्षे असावे, घर स्वकष्टार्जित व निर्वेध असावे आणि तो तेथेच राहत असावा, या मुख्य अटी. पतिपत्नींपैकी दोघेही हयात असेपर्यंत, आणि एकाच्या मागे दुसऱ्यालाही, त्याच घरात राहता येते. दोघांच्या पश्चात वारसांना कर्ज फेडून घर सोडवून घेण्याचा पहिला हक्क असतो. घर विकले गेले तर कर्ज वळते होऊन उरलेली रक्कम वारसांना मिळते.

मग अडते कोठे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. त्यामुळे गल्लीतील वडीलधारी मंडळी बँकेचे कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. या योजनेविषयी सांगताच एका आजींनी विचारले, "पोरी, सही केली की घर गेलं का गं?" या एका प्रश्नात सारे उत्तर आहे. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आले. सर्वस्व मुलांना देऊन बेघर झालेला त्यातील म्हातारा आपल्या मनात खोल रुतून बसला आहे. काहनेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले की, मिळणाऱ्या लाभापेक्षा तेवढाच तोटा माणसाला अधिक जाचतो. मग आयुष्यभराचे घर जाण्याची नुसती शंकाही केवढी मोठी वाटत असेल!

अशा वेळी पुष्कळजण भीती घालतात: "आजारी पडलात तर काय कराल?" पण भीतीने माणूस हलतोच असे नाही. अमेरिकेत लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांना धनुर्वाताची भीती दाखवणारी पत्रके दिली. नुसते पत्रक वाचलेल्यांपैकी सुमारे ३ टक्केच लस घ्यायला गेले. ज्यांना दवाखान्याचा नकाशा व जाण्याची वेळ ठरवण्याची सूचनाही दिली, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के गेले. भीतीला वाट जोडली, तेव्हाच पाऊल उचलले गेले.

आशेचेही तसेच आहे. स्नायडर या मानसशास्त्रज्ञाच्या मते आशा म्हणजे नुसते 'होईल सारे ठीक' असे म्हणणे नव्हे. तिला तीन अंगे आहेत: ध्येय, तेथे नेणाऱ्या वाटा आणि 'मी त्या वाटेने जाऊ शकतो' हा विश्वास. म्हणून वृद्धांना प्रथम विचारावे, "आजोबा, दरमहा थोडे पैसे हाती आले तर काय कराल?" कोणी डोळ्यांचे ऑपरेशन सांगेल, कोणी काशीयात्रा. ते झाले ध्येय. मग सर्व वाटा मांडाव्यात: एखादी खोली भाड्याने देणे, मोठे घर विकून लहान घेणे, उलटे गहाण. शेवटी कागदाची एकेक ओळ सावकाश वाचून दाखवावी आणि मुलांना चर्चेत बसवावे. विश्वास येतो तो समजल्याने, घाईने नव्हे.

मात्र आशा खरी हवी. दरमहा ५,००० रुपये १५ वर्षे घेतले तर हाती ९ लाख येतात. पण १० टक्के दराने, मासिक चक्रवाढीने कर्ज सुमारे २० लाख ७२ हजारांवर जाते. हे झाकून ठेवणे म्हणजे फसवणूक. घराचे कर व डागडुजी मालकाकडेच राहते आणि ज्यांच्या घराची कागदपत्रे स्वच्छ नाहीत त्यांना हा मार्ग मिळत नाही, हेही सांगितलेच पाहिजे. सारे ऐकून एखाद्याने 'नको' म्हटले तर तोही शहाणपणाचाच निर्णय ठरू शकतो.

वृद्धांना उपदेश करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ बसून कागद वाचून दाखवणारे थोडे. आपण शिकलो ते कशासाठी, या प्रश्नाचे एक उत्तर मला येथे सापडते. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी आपापल्या गल्लीत एवढे जरी केले, तरी कित्येक घरांतील भीती कमी होईल आणि आशेला हिशेबाचा आधार मिळेल.