घराचा उंबरठा आणि गावाचे आरोग्य

इ. स. १८९६ सालचा सप्टेंबर महिना होता. मुंबई बंदराला लागून असलेल्या मांडवी भागात धान्याची मोठमोठी कोठारे होती आणि त्यांच्या भोवतालच्या चाळींतून माणसांची दाटी होती. या वस्तीत एक विलक्षण दुखणे सुरू झाले. धडधाकट माणसाला एकाएकी कडक ताप भरे, काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत तो दगावे. त्या भागातील रोगी तपासणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असे ओळखले आणि ते उघडपणे सांगितले. डॉ. व्हिएगस मूळचे गोव्याचे. व्यापाराच्या शहरात असे निदान जाहीर करणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हती.

बातमीला पाय फुटले. पाहता पाहता लोक शहर सोडू लागले. आगगाड्यांत आणि गलबतांत जागा मिळेना. आपली मुलेबाळे वाचवावीत म्हणून जो बाप गाठोडे बांधून गावाकडे निघाला, त्याने काही गुन्हा केला असे कोण म्हणेल? परंतु त्याच्याच गाठोड्यातून रोगही प्रवासाला निघाला होता. कित्येकांनी आपल्या माणसांसाठी पळ काढला आणि जेथे ते उतरले तेथील माणसांवर संकट आणले. साथीच्या रोगाचे हेच वैशिष्ट्य आहे. मोडलेला पाय ज्याचा त्याला दुखतो. साथीचा रोग मात्र एका घराचा राहत नाही.

मग सरकारने स्वस्थ बसावे काय? मुंबईच्या नगरपालिकेने ऑक्टोबरात हुकूम काढला की, रोग्यांना घरी न ठेवता रुग्णालयात न्यावे. वेळ पडल्यास सक्तीने न्यावे. हुकूम काढणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही अशी लोकांची समजूत झाली होती, आणि पुष्कळदा तसे घडतही होते. शिवाय आजारी माणसाच्या उशाशी आपले माणूस नसणे यापरता दुसरा एकाकीपणा नाही. त्या महिन्याच्या अखेरीस सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडवरील रुग्णालयावर चालून गेले. पालिकेला आपले हुकूम सैल करावे लागले.

साथ आवरेना, तेव्हा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हिंदुस्थान सरकारने साथरोग कायदा मंजूर केला. हा कायदा अगदी आटोपशीर होता. त्यात अवघी चार कलमे होती. साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटेल तो उपाय योजण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्या उपायांना न जुमानणाऱ्यास शिक्षा ठरली. आणि चौथे कलम असे होते की, या कायद्याखाली कोणी सद्भावनेने काही केले तर त्याच्याविरुद्ध दावा लावता येणार नाही. अधिकाऱ्याचे हात मोकळे केले होते. पण ज्याच्यावर अन्याय होईल त्याने कोणाच्या दारी जावे, याविषयी कायदा मुका होता.

प्लेग तोपर्यंत पुण्यास पोहोचला होता. तेथे सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याची नेमणूक केली. १३ मार्च १८९७ पासून पुण्याच्या पेठांतून घरझडत्यांना आरंभ झाला आणि १९ मेपर्यंत त्या चालल्या. या कामासाठी आठशेहून अधिक सैनिक आणि अधिकारी लावले होते. सकाळच्या वेळी गोऱ्या शिपायांची तुकडी वाड्याच्या दिंडीशी येई. शिपायांना मराठी येत नसे आणि घरातल्यांना इंग्रजी समजत नसे. बूट न काढता ते माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरापर्यंत शिरत. कोणी अंथरुणावर पडलेला दिसला की त्याला रुग्णालयात नेत. त्याच्या सहवासातील माणसांना गावाबाहेरच्या छावणीत ठेवीत. घराला चुना फाशीत, कपडे व अंथरुणे जाळीत. चीजवस्तू गहाळ झाल्याच्या, स्त्रियांचा अपमान झाल्याच्या तक्रारी लोकांनी केल्या; पण त्यांची दाद लागली नाही. शिपायांची वर्तणूक चांगलीच होती, असेच सरकारपक्षाचे म्हणणे राहिले.

याचा परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. ताप भरलेल्या मुलाला आई अडगळीच्या खोलीत निजवी आणि झडतीवाल्यांसमोर हसतमुखाने उभी राही. मृताचे संस्कार रात्री गुपचूप उरकले जात. जो कायदा रोग उजेडात आणण्यासाठी केला, त्यानेच रोग अंधारात ढकलला. त्या आईला दोष देणे सोपे आहे. तिच्या शेजारणीच्या मुलांचा विचार केला म्हणजे ते तितके सोपे राहत नाही. आणि दोष कोणाचा हे ठरविणे तर त्याहून कठीण.

याच पुण्यात, झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूस उघड्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाईंचे वय त्या वेळी सहासष्ट वर्षांचे होते. मुंढव्याजवळच्या वस्तीतील एक मुलगा प्लेगने पडला आहे असे कळताच त्या स्वतः तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना रोगाची बाधा झाली. रोग्याला घरातून हलवून वेगळ्या जागी नेणे हेच रँड यांचे शिपाईही करीत होते. काम एकच; पण एकाकडे लोक दार लावून घेत आणि दुसऱ्याच्या पाठीवर आपले मूल देत.

लोकमान्य टिळक साथीच्या काळात पुणे सोडून गेले नाहीत. स्वच्छता राखावी, रोग्यास वेगळे ठेवावे, ही गोष्ट त्यांना मान्य होती आणि गाव सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर ‘केसरी’ने टीकाही केली होती. लोकांना सरकारी रुग्णालयात जाण्यास संकोच वाटतो हे ओळखून त्यांनी हिंदू रोग्यांसाठी निराळे रुग्णालय काढण्याच्या कामी पुढाकार घेतला. त्यांचा विरोध होता तो जुलमाला. उपाय मान्य पण रीत अमान्य, अशी ही भूमिका होती. ती घेणे फार अवघड असते, कारण दोन्ही बाजूंचे लोक तिच्यावर रागावतात.

नामदार गोखले त्या सुमारास इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्रांतून शिपायांवर गंभीर आरोप केले. सरकारने पुरावा मागितला. मायदेशी परतल्यावर गोखल्यांनी खटपट केली, पण पुरावा उभा करता येईना. तेव्हा त्यांनी जाहीरपणे माफी मागितली. याबद्दल त्यांना पुष्कळ बोल सोसावे लागले. पुरावा मिळाला नाही म्हणजे लोकांची गाऱ्हाणी खोटी होती असे ठरत नाही. तरी जे सिद्ध करता येत नाही ते परत घेण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, याची नोंद इतिहासाने घेतली आहे.

लोकांचा संताप मात्र शांत झाला नव्हता. २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलै रोजी वारले. दामोदर हरी चाफेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. गाऱ्हाणे ऐकणारे एखादे न्यायाचे दार उघडे असते, तर घटनांनी निराळे वळण घेतले असते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

इकडे मुंबईत निराळाच प्रयत्न चालू होता. वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्लेगवरील लस तयार करण्याच्या कामी रात्रंदिवस गढून गेले होते. लस तयार झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील ज्या कैद्यांनी तयारी दाखविली त्यांना ती टोचण्यात आली. तरीही लोक बिचकत. तेव्हा आगाखान यांनी, अवघ्या विशीच्या उमरीत, आपल्या अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली आणि त्यांची भीती घालविली. हुकमाने जे साधत नव्हते ते उदाहरणाने साधले. पण लोकांची भीती सर्वस्वी अज्ञानाची होती असेही नव्हे. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल या गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्यावर आला, आणि तो दूर होण्यास १९०७ साल उजाडावे लागले.

आता आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रँड यांच्या झडत्या चालू होत्या तेव्हा प्लेग नेमका कसा पसरतो हे सरकारलाही पुरते ठाऊक नव्हते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखविले की, उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग फैलावतात. पुढे काही वर्षांनी मुंबईतील संशोधकांनी त्यास दुजोरा दिला. म्हणजे माणसे हुडकण्यासाठी शिपाई वाडे धुंडाळीत होते तेव्हा खरा वाटसरू जोत्याखालच्या बिळातून निर्वेधपणे या घरातून त्या घरात जात होता. खेड्यापाड्यांतील लोकांनी मात्र अनुभवाने एक खूण धरली होती. घरात उंदीर मरून पडू लागले की ते घराला कुलूप लावून रानात जात, झोपड्या बांधून राहत, आणि साथ ओसरल्यावर परत येत. यात शिपाई नव्हता की दंड नव्हता. स्वतःचे घर सोडणे कोणालाच आवडत नाही. पण आवश्यकता पटली म्हणजे माणूस तेही करतो.

९ मार्च १८९८ रोजी मुंबईत एका आजारी मुलीला नेण्यावरून पुन्हा मोठी दंगल उसळली. १९०० साली कानपूरलाही तसेच घडले. सरकारने हळूहळू सक्तीचा मार्ग सोडला. समाजासमाजांनी चालविलेली रुग्णालये मान्य झाली, लोकांना विश्वासात घेऊन काम सुरू झाले. असे असूनही पुढील वीस-पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली. सक्ती सोडली म्हणून रोग गेला असे म्हणता येणार नाही, आणि सक्ती चालू असती तर तो गेला असता असेही म्हणता येणार नाही.

देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० पासून आपले संविधान अमलात आले. भारतात कोठेही मुक्तपणे फिरण्याचा हक्क एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकाला दिला. पण त्याच अनुच्छेदात, जनतेच्या हितासाठी या हक्कावर वाजवी निर्बंध घालता येतील, असेही म्हटले. येथे ‘वाजवी’ हा शब्द मोलाचा आहे. निर्बंध वाजवी आहे की नाही हे तो घालणारा एकटा ठरवीत नाही; नागरिकाला न्यायालयात जाऊन ते विचारता येते. १८९७ साली पुण्याच्या वाड्यातील माणसाला नेमके हेच करता येत नव्हते.

साथरोग कायदा मात्र तोच राहिला. ज्या तारखेस रँड यांच्या झडत्या सुरू झाल्या होत्या त्याच तारखेस, १३ मार्च २०२० रोजी, महाराष्ट्र शासनाने कोरोनाच्या साथीसाठी तो कायदा लागू केला. पुणे आणि मुंबई ही दोन्ही शहरे त्यात होती. शाळा मिटल्या, रस्ते ओस पडले, तोंडावर पट्टी बांधणे बंधनकारक झाले. या वेळी रोग्याच्या दारी गोरा शिपाई आला नाही. आशाताई आणि परिचारिका आल्या. काही ठिकाणी त्यांच्यावरच हल्ले झाले. तेव्हा त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्यास कडक शिक्षा ठरविण्यात आली. १८९७ मध्ये संरक्षण हवे होते ते घरातल्या माणसाला. २०२० मध्ये दाराबाहेर उभ्या असलेल्या परिचारिकेलाही ते द्यावे लागले.

मग लसीचा प्रश्न आला. नको असताना लस टोचून घेण्याची सक्ती करता येते काय? हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. २ मे २०२२ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, माणसाच्या शरीरावर त्याचा स्वतःचा अधिकार आहे. कोणासही बळजबरीने लस देता येणार नाही. परंतु समाजाच्या आरोग्यासाठी आवश्यक असेल तर, लस न घेतलेल्यांच्या सार्वजनिक वावरावर शासनाला योग्य त्या मर्यादा घालता येतील. मात्र त्या मर्यादा वाजवी असल्या पाहिजेत. त्या वेळी साथ पुष्कळ ओसरली होती. म्हणून असे निर्बंध कोठे घातलेले असल्यास ते मागे घ्यावेत, असेही न्यायालयाने सुचविले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने साथरोग कायद्यात मोठ्या उणिवा असल्याचे सांगून त्यात व्यापक सुधारणा करावी किंवा नवा कायदा करावा, अशी शिफारस केली. ही शिफारस झाली तेव्हाही १८९७ चे ते चौथे कलम कायद्याच्या पुस्तकात जागच्या जागी होते.