दुरुस्त इंजिन रुळवावे कसे?

खानदेश म्हणजे केळी आणि कापूस. रावेर-यावलच्या केळीचे नाव दूरवर गेले आहे. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण केळी पाण्यावर जगते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात पाण्याच्या पाळ्या चुकल्या, तर पाने करपतात, घड पोसत नाहीत. वर्षाची मेहनत मातीत जाते.

आज पुष्कळ विहिरींवर विजेचे पंप आहेत. पण वीज ठरावीक तासच येते. डीपी जळाली, तर दिवसचे दिवस येत नाही. अशा वेळी जळगाव काय, धुळे काय, डिझेल इंजिनच हाताशी धावून येते.

इंजिन जुने झाले की जोर कमी होतो. ते धूर सोडते, ऑइल खाते. मग मिस्त्री ते खोलतो. नवा लायनर, नवा पिस्टन, नव्या रिंगा घालतो. इंजिन पुन्हा बांधतो. हँडल मारलं, धडधड सुरू झाली, की आपण म्हणतो, “झालं काम! लाव पट्टा, धर पाणी!”

थांबा, मंडळी! नवा गोऱ्हा पहिल्याच दिवशी नांगराला जुंपतो का आपण? आधी त्याला रुळवतो. इंजिनाचेही तसेच आहे.

इंजिन चालते कसे?

डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. पिस्टन वर येतो आणि हवा दाबतो. दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो, तसेच हे. त्या तापल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडते. तो आपोआप पेटतो आणि पिस्टनला खाली ढकलतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाने असे इंजिन १८९७ साली चालवून दाखवले. त्याचेच नाव इंजिनाला पडले, तेलालाही पडले. आपल्याकडे १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला.

म्हणजे तीन गोष्टी हव्यात : स्वच्छ हवा, पुरा दाब, बारीक फवारा. तिन्ही ठीक, तर इंजिन ठीक.

रुळवण्याची रीत

नवा लायनर आणि नव्या रिंगा एकमेकांशी घासून बसाव्या लागतात. पहिल्याच दिवशी पुरा भार टाकला, तर त्या फार तापतात. लायनरवर ओरखडे पडतात. पिस्टन अडकतोसुद्धा. पण फार वेळ रिकामे चालवणेही बरे नाही. मग रिंगा लायनरला नीट टेकत नाहीत, आणि इंजिन पुढे ऑइल खात राहते. म्हणून मधली वाट धरावी.

१. सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी पाहा. थंड करणारे पाणी वाहते आहे ना, ते पाहा. डिझेल गाळून भरा. नळीत हवा असेल तर फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाऊ द्या.

२. आधी दहा-पंधरा मिनिटे रिकामे चालवा. कुठे गळते का, वेगळा आवाज येतो का, पाहा. मग बंद करून तपासा.

३. पुढचे काही दिवस हलका भार द्या. इंजिनाचे फेरे थोडे कमी ठेवले की पंपाचा भार पुष्कळ उतरतो. मग हळूहळू वाढवा.

४. इंजिन तापून थंड झाले की हेडचे नट मिस्त्रीकडून पुन्हा आवळून घ्या. त्यानंतरच टॅपेटची फट गेजने मोजावी. आधी फट आणि मग नट, असे करू नये. नट आवळले की फट बदलते. फट फार कमी असेल, तर व्हॉल्व पुरता बसत नाही, दाब निसटतो. फार जास्त असेल, तर टकटक वाजते.

५. पहिले ऑइल लवकर बदला. त्यात धातूचा कीस उतरलेला असतो. किती तासांनी बदलावे आणि फट किती ठेवावी, हे इंजिनाच्या पुस्तिकेत असते. ते आता तुम्हाला वाचता येते!

धूर काय सांगतो?

काळा धूर : भार जास्त, हवा कमी किंवा नोझल खराब. आपल्याकडे धूळ फार. आधी हवेची जाळी पाहा.

निळा धूर : ऑइल जळते आहे. रिंगा अजून बसल्या नाहीत.

पांढरा धूर : डिझेल नीट पेटत नाही किंवा आत पाणी शिरते आहे. थंड इंजिनाने सुरुवातीला थोडा सोडला, तर घाबरू नये.

काही जण जोर वाढावा म्हणून फ्युएल पंपाचे सील तोडतात, जास्त डिझेल सोडतात. चार दिवस पाणी जोरात येते. पुढे पिस्टन जातो. पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाकडे सात हॉर्सपॉवरचे काम मागू नये. ऐन उन्हाळ्यात न थांबणारे इंजिन, तेच चांगले इंजिन.

वही ठेवा

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. काय बदलले, ते लगेच वहीत लिहा :

सोमवार. ३ तास चालले. ऑइल ठीक. धूर थोडा काळा.
मंगळवार. हवेची जाळी धुतली. ३ तास चालले. धूर साफ.

अशा दोन ओळी पुरेत. मिस्त्री आला की वही त्याच्यापुढे ठेवा. त्याला अंदाजाने खोलाखोल करावी लागणार नाही. तुमचा पैसा वाचेल.

शेवटी एक कळकळीचे सांगणे. पाणी खोल गेले म्हणून विहिरीत उतरवून इंजिन चालवू नका. त्याचा धूर विहिरीत कोंडतो आणि माणूस आतच गुदमरून मरतो. आणि चालत्या पट्ट्याजवळ धोतराचा सोगा, साडीचा पदर नेऊ नका. बाग पुन्हा लावता येते, गेलेला माणूस परत येत नाही.

सांगा पाहू

१. डिझेल इंजिनात डिझेल कशाने पेटते?
२. आधी हेडचे नट, मग टॅपेट. असे का?
३. तुमच्या गावातील इंजिनाचा धूर कोणत्या रंगाचा आहे? पाहा आणि दोन ओळी लिहा.