दात, दाम आणि दवाखाना

प्रस्तावना

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. साधन आणि उपभोग यांचा मेळ न बसणे, हा तिचा लाक्षणिक अर्थ. तिचा वाच्यार्थही अनेक कष्टकरी कुटुंबांच्या बाबतीत खरा ठरतो. उमेदीची वर्षे राबण्यात जातात आणि चार पैसे गाठीला लागतात, तेव्हा चणे चावायला दाढा उरलेल्या नसतात. याला वय कारणीभूत आहे, असे समजले जाते. परंतु बहुतेक दात किडीमुळे किंवा हिरड्यांच्या रोगामुळे जातात. हे दोन्ही रोग वेळीच आटोक्यात आणता येतात. मग ते आणले का जात नाहीत? उपचार कोठे मिळतो, त्याला किती खर्च येतो आणि माणूस तेथे केव्हा पोहोचतो, या तीन गोष्टींत या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. प्रस्तुत पाठात त्यांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• दंतरोगाची अवस्था आणि उपचाराचा खर्च यांतील संबंध सांगता येईल;
• सार्वजनिक व खाजगी दंतसेवेतील फरक स्पष्ट करता येईल;
• उपचाराच्या एकूण खर्चाचा हिशेब मांडता येईल;
• आपल्या गरजेनुसार योग्य सेवेची निवड करता येईल.

मूळ पाठ

१. कीड वाढते, तसा खर्च वाढतो

दाताच्या बाहेरील पांढऱ्या, कठीण थराला दंतवल्क म्हणतात. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दंतवल्क झिजते. या अवस्थेत दुखत नाही, म्हणून कोणी तिकडे लक्ष देत नाही. पुढे लहानशी खाच पडते, थंड पाणी लागताच दात शिवशिवतो. या वेळी दंतवैद्याकडे गेल्यास किडलेला भाग काढून दात सिमेंटने भरला जातो. काम बहुधा एका बैठकीत होते.

उपचार लांबला, की कीड दाताच्या आतील मऊ गरापर्यंत पोहोचते. या गरात नसा व रक्तवाहिन्या असतात. आता दाढ ठणकू लागते, रात्रीची झोप उडते. दात वाचवायचा, तर मुळापर्यंत साफ करून भरावा लागतो. यालाच ‘रूट कॅनाल’ म्हणतात. त्यानंतर दाढेवर बहुधा कवच बसवावे लागते. क्ष-किरण चित्र, दोन-तीन बैठका, कवच तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे शुल्क असे खर्च एकापुढे एक उभे राहतात. एवढा खर्च पेलणारा नसेल, तर एकच वाट उरते, ती म्हणजे दात काढून टाकण्याची. तो काढणे तुलनेने स्वस्त असते. पण त्या जागी नवा दात बसवणे पुन्हा खर्चाचे असते. म्हणून अनेकांच्या तोंडात ती जागा कायमची रिकामी राहते.

एकाच रोगाचा एकच टप्पा गाठलेल्या दोन माणसांपैकी एकाचा दात वाचतो आणि दुसऱ्याचा जातो. हा फरक पुष्कळदा रोगामुळे पडत नाही, ऐपतीमुळे पडतो.

२. सार्वजनिक दंतसेवा

सार्वजनिक आरोग्यसेवेची रचना पायरी-पायरीची आहे. गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय किंवा सामुदायिक आरोग्य केंद्र, त्यानंतर उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो. दंतविभाग प्रामुख्याने वरच्या पायऱ्यांवर आढळतो. केंद्र शासनाने २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालये व त्याखालील केंद्रे यांमधील दंतविभागांना मनुष्यबळ, उपकरणे आणि साहित्य मिळावे, यासाठी या कार्यक्रमातून राज्यांना साहाय्य दिले जाते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले.

असे असूनही शासकीय दंतविभागासमोर रांग का लागते? दंतोपचाराच्या स्वरूपातच याचे कारण आहे. तापाच्या रुग्णाला तपासून औषध लिहून देण्यास काही मिनिटे पुरतात. दाताचे काम मात्र दंतवैद्याला स्वतःच्या हातांनी, एका खुर्चीवर, एका वेळी एकाच रुग्णाचे करावे लागते. एक खुर्ची आणि एक दंतवैद्य असलेल्या विभागात दिवसभरात मोजक्याच रुग्णांचे दात भरता येतात. खुर्ची नादुरुस्त झाली किंवा साहित्य संपले, तर तेही काम थांबते. बाहेर रांग वाढलेली असते. अशा वेळी चटकन उरकणारा उपचार, म्हणजे दात काढणे, पुढे येतो. ज्या सेवेत शुल्क नाही, तेथेही गरिबाला दात गमवावा लागतो, तो असा.

विम्याचाही येथे फारसा उपयोग होत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. परंतु ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. दात भरणे, दात साफ करणे, रूट कॅनाल ही कामे बाह्यरुग्ण विभागात होतात.

३. खाजगी दंतसेवा

भारतात दंतवैद्य तयार होत नाहीत, असे नाही. देशातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकाता येथे सुरू केले. आज अशा महाविद्यालयांची संख्या तीनशेहून अधिक आहे आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. तेथे शिक्षणासाठी मोठी रक्कम मोजलेल्या पदवीधराला पुढे दवाखान्याची जागा, खुर्ची, क्ष-किरण यंत्र आणि निर्जंतुकीकरणाची साधने यांसाठी पुन्हा भांडवल उभारावे लागते. हा खर्च जेथे भरून निघेल, तेथेच तो दवाखाना थाटतो. परिणामी शहरातील एका रस्त्यावर चार दवाखाने दिसतात आणि तालुक्यातील पुष्कळ गावांना एकही दंतवैद्य नसतो.

खाजगी दवाखान्याच्या काही सोयी नाकारता येत नाहीत. ठरलेली वेळ मिळते, काम सुटल्यावर संध्याकाळी जाता येते, उपचारांचे अधिक प्रकार उपलब्ध असतात. मात्र दर सर्वत्र सारखे नसतात. एकाच शहरात, एकाच उपचारासाठी दोन दवाखान्यांत वेगवेगळी रक्कम सांगितली जाते. साहित्य, कवचाचा प्रकार, दंतवैद्याचे विशेष शिक्षण आणि जागेचे भाडे यांमुळे हा फरक पडतो.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(अ) दात सिमेंटने भरून काम भागते, ती अवस्था कोणती?
  (१) कीड गरापर्यंत गेलेली  (२) लहान खाच पडलेली  (३) गालाला सूज आलेली
(आ) राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम केव्हा सुरू झाला?
  (१) १९२०  (२) २०१४-१५  (३) २०१८

४. तिसरी वाट : दंत महाविद्यालय

शासकीय रुग्णालय आणि खाजगी दवाखाना यांच्याशिवाय आणखी एक वाट आहे. ती अनेकांना माहीत नसते. दंत महाविद्यालयाला जोडून रुग्णालय असते. तेथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना रुग्ण हवे असतात, म्हणून तेथील शुल्क सामान्यतः खाजगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी असते. रूट कॅनाल, कवच, कवळी, वेडेवाकडे दात सरळ करणे असे उपचारही तेथे होतात. प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात, त्यामुळे वेळ अधिक लागतो.

मुंबईत महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये, तर गोव्यातील बांबोळीचे १९८० मध्ये सुरू झाले. छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालय आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना इंदूर, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळूर आणि दिल्ली येथे अशी शासकीय महाविद्यालये उपलब्ध आहेत.

५. खर्चाचा खरा हिशेब

दवाखान्याची पावती म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. बुडालेली मजुरी आणि प्रवासभाडे हाही खर्चच आहे. पुढील उदाहरण हिशेबाची रीत समजण्यासाठी घेतले आहे. त्यातील आकडे कल्पित आहेत.

एका बांधकाम मजुराची रोजची मजुरी ५०० रुपये आहे. शासकीय रुग्णालयात जाण्यायेण्यास १०० रुपये लागतात आणि दिवस मोडतो. म्हणजे एका फेरीचा खर्च ६०० रुपये. दात भरण्यासाठी दोन फेऱ्या झाल्या, तर उपचार निःशुल्क असूनही १,२०० रुपये गेले. घराजवळच्या खाजगी दवाखान्यात संध्याकाळी ८०० रुपयांत तेच काम झाले, तर ४०० रुपये वाचतात.

आता त्याच मजुराची कीड गरापर्यंत पोहोचली आहे, असे समजा. खाजगी दवाखान्यात रूट कॅनाल व कवच यांसाठी ७,००० रुपये सांगितले. शासकीय दंत महाविद्यालयात शुल्क १,५०० रुपये आणि पाच फेऱ्यांचे ३,००० रुपये, असे एकूण ४,५०० रुपये लागतात. येथे २,५०० रुपयांची बचत होते.

यावरून असे दिसते, की ‘शासकीय ते स्वस्त’ हा नियम प्रत्येक वेळी लागू पडत नाही. काम लहान असताना जवळचा दवाखाना परवडू शकतो. काम मोठे झाल्यावर सार्वजनिक संस्थेचा आधार मोलाचा ठरतो. दोन्ही हिशेबांत एक गोष्ट मात्र समान आहे. उशीर झाल्यावर खर्च कोठेही वाढतोच.

६. निवड करताना

दुखणे अंगावर काढणे आणि दुकानातून वेदनाशामक गोळी आणून वेळ निभावणे, ही सवय सर्वांत महाग पडते. गोळीने ठणका थांबतो, कीड थांबत नाही. गालाला किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडण्यास किंवा गिळण्यास त्रास ही लक्षणे दिसल्यास पैशांचा विचार बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. असा संसर्ग मानेकडे पसरून जिवावर बेतू शकतो.

रस्त्याकडेला बसून दात बसवणाऱ्यांकडे जाणे टाळावे. अनोंदणीकृत व्यक्तीने दंतवैद्यकाचा व्यवसाय करू नये, यासाठी १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा करण्यात आला. निर्जंतुक न केलेल्या अवजारांतून कावीळ ‘ब’ सारखे रोग पसरू शकतात.

खाजगी दवाखान्यात उपचारापूर्वी पुढील प्रश्न विचारण्यात संकोच मानू नये : या दातासाठी कोणकोणते पर्याय आहेत? एकूण खर्च किती आणि त्यात कवच धरले आहे का? किती वेळा यावे लागेल? थांबल्यास काय बिघडेल? अंदाजपत्रक लिहून मागावे आणि पावती जपून ठेवावी. शासकीय रुग्णालयात जाण्यापूर्वी दंतविभागाचे दिवस व केसपेपरची वेळ विचारून घ्यावी. एवढ्याने एखादी फेरी वाचू शकते.

७. समाजाची जबाबदारी

दात घासणे, गोड पदार्थ वारंवार न खाणे, तंबाखू व मिश्री सोडणे ही व्यक्तीची जबाबदारी आहे. परंतु जेथे दंतवैद्यच नाही, तेथे व्यक्तीला बोल लावून प्रश्न सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. हे सिमेंट वापरून, हाताच्या अवजारांनी कीड खरवडून, विजेच्या यंत्राशिवायही लहान खाच भरता येते. शाळेत किंवा गावातील आरोग्य केंद्रात होऊ शकेल, असे हे काम आहे. ते तेथे नियमितपणे झाले, तर जिल्हा रुग्णालयातील रांग आखूड होईल आणि दात काढण्याची वेळ थोड्यांवरच येईल. ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांबरोबर दंततपासणी शिबिराची मागणीही नागरिकांनी मांडली पाहिजे. सेवा मागितली जाते, तेव्हाच तिची उणीव शासनाच्या नजरेस येते.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दंत महाविद्यालयात उपचाराचे शुल्क कमी का असते?
(आ) पावतीवरील रकमेशिवाय उपचाराच्या खर्चात कोणत्या दोन बाबी धराव्यात?

तुम्ही काय शिकलात

• दंतरोगावरील उपचार जितका लवकर, तितका सोपा आणि स्वस्त असतो.
• सार्वजनिक सेवेत शुल्क कमी. पण अंतर, रांग आणि बुडालेली मजुरी यांचा भार पडतो.
• खाजगी सेवेत वेळ वाचतो. पण मोठे उपचार अनेकांच्या आवाक्याबाहेर जातात.
• दंत महाविद्यालय हा कमी खर्चाचा व भरवशाचा पर्याय आहे.

शब्दार्थ

लाक्षणिक – सूचित होणारा. वाच्यार्थ – शब्दशः अर्थ. ऐपत – आर्थिक शक्ती. निःशुल्क – फी न घेता. अंगावर काढणे – उपचार न करता सोसत राहणे. बोल लावणे – दोष देणे.

पाठान्त प्रश्न

१. ‘दात वाचणे किंवा जाणे हे पुष्कळदा ऐपतीवर ठरते.’ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. शासकीय दंतविभागात दात काढण्याचा उपचार पुढे का येतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या घरापासून जवळचा शासकीय दंतविभाग व एक खाजगी दवाखाना यांची माहिती मिळवा. दात भरण्यासाठी दोन्हीकडे येणाऱ्या एकूण खर्चाचा तक्ता तयार करा.
४. गावात दंततपासणी शिबिर भरवण्याची विनंती करणारे पत्र वैद्यकीय अधिकाऱ्यांना लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) – (२). (आ) – (२).
२. (अ) विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्णांची गरज असल्यामुळे तेथे शुल्क कमी असते. (आ) बुडालेली मजुरी आणि प्रवासभाडे या दोन बाबी धराव्यात.