विमानतळावरील प्रश्न : एक छोटा पाठ



सुटीत मुंबईला जाण्याची किंवा तिकडचे आप्त इकडे येण्याची तयारी घरोघरी चालते. बॅगा भरल्या जातात, भेटवस्तू मोजल्या जातात. पण अधिकाऱ्यापुढे काय बोलायचे, याची तयारी मात्र राहून जाते. म्हणून हा पाठ.

पहिला मुद्दा : हे प्रश्न का विचारतात? दिनांक १७ एप्रिल १९८६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक गरोदर आयरिश तरुणी तेल अवीवच्या एल अल विमानात बसण्यास आली. विमानात साडेतीनशेहून अधिक माणसे जायची होती. विमानतळाच्या नेहमीच्या तपासणीतून तिची बॅग सुटली होती. एल अलच्या सुरक्षारक्षकांनी तिची विचारपूस केली, बॅग पुन्हा तपासली आणि तिच्या दुहेरी तळात सुमारे दीड किलो स्फोटक सापडले. बॅग तिला तिच्या वाग्दत्त वराने दिली होती. आत काय आहे, याची तिला कल्पनाही नव्हती. त्या इसमाला पुढे ४५ वर्षांची शिक्षा झाली.

यावरून ध्यानात येईल की, प्रश्न विचारणारा आपल्याला चोर समजत नाही. आपल्या नकळत कोणी आपला उपयोग केला आहे काय, हे तो पाहतो.

दुसरा मुद्दा : नेहमीचे प्रश्न. घरातील वडीलधाऱ्यांना ते हिब्रूतही ओळखता यावेत.

“मी आराझ एत हामिझ्वादोत?” म्हणजे, बॅगा कोणी भरल्या?

“मीशेहू नातान लेखा माशेहू लेहाअवीर?” म्हणजे, कोणाला पोचवण्यासाठी कोणी काही दिले आहे काय? (स्त्रीला विचारताना “लेखा”ऐवजी “लाख” म्हणतात.)

सुनेने बॅग भरली असेल तर तसेच सांगावे. शेजारणीने तिच्या मुलासाठी पुडके दिले असेल तर तेही सांगावे. “नाही” म्हटल्यावर पुडके निघाले, तर साध्या चकलीचाही संशय येतो. सर्वांत बरे म्हणजे बंद पुडके घेऊच नये. घ्यायचेच झाल्यास देणाऱ्यासमोर उघडून पाहावे. यात रुसण्यासारखे काही नाही.

तिसरा मुद्दा : नाती आणि नावे. आपल्याकडे मावशी, आत्या, काकू, मामी वेगवेगळ्या; हिब्रूत सगळ्या “दोदा”. चुलतभावाला नुसते “भाऊ” म्हटले आणि दोघांच्या वडिलांची नावे निराळी निघाली, की प्रश्न वाढतात. म्हणून “वडिलांच्या भावाचा मुलगा” असे सरळ सांगावे. तसेच पेणकर, नवगावकर अशी आडनावे हिब्रूतून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलते. तिकिटावरील नाव पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर जुळते ना, हे आधीच पाहावे.

चौथा मुद्दा : येणारे पाहुणे. भारतीय पासपोर्टवाल्याने व्हिसा, परतीचे तिकीट आणि यजमानाचा पत्ता व फोन कागदावर लिहून हातातील पिशवीत ठेवावा. मोबाईलची बॅटरी ऐनवेळी संपते. बेन गुरियनवर मिळणारी छोटी निळी चिठ्ठी परत जाईपर्यंत जपावी.

पाचवा मुद्दा : सामान. दुबईत उतरून राहणाऱ्यांनी खसखस मुळीच नेऊ नये. आपल्या मसाल्यातली ही वस्तू तिथे बंदी घातलेली आहे. कोडीन वा ट्रामाडॉल असलेल्या औषधांसाठीही तिथे आधी परवानगी लागते. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, आणि परवानगीविना सॅटेलाईट फोन नेल्यास अटकही होऊ शकते. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावीत.

शेवटी एकच. उत्तरे पाठ करू नयेत. पाठ केलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाला अडखळते. खरे उत्तर दहाव्या प्रश्नालाही तेच राहते. थोडक्यात बोलावे, थट्टा करू नये, आणि प्रश्न समजला नाही तर तसे म्हणावे. निघण्याच्या आदल्या रात्री घरातल्या मुलांनी आजी-आजोबांना हे प्रश्न एकदा विचारून पाहावेत.

सर्वांचा प्रवास सुखाचा होवो.