बर्फ बघायचाय ना? मग आधी वाईला ये

अगं, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोपच येईना. धाकटी मागून ओरडत होती, "मावशी, आपण बर्फात घसरगुंडी खेळायला जायचं!" तेच कानात घुमत राहिलं. वर्गातल्या कुणाचा तरी मनालीचा व्हिडिओ पाहिला, आणि आता नाताळच्या सुट्टीत आपली गाडी काढून बर्फात जायचं हे पोरीनं ठरवूनही टाकलंय. तू म्हणालीस, "ताई, हिला नाही कसं म्हणू?" नाही म्हणूच नकोस. पण कुठे हो म्हणायचं ते मी सांगते, नीट ऐक.

पायाला पट्ट्या बांधून घसरायचं म्हणशील तर त्याला गुलमर्ग, मनालीजवळचं सोलंग, नाहीतर गढवालात जोशीमठाच्या वरचं औली. तुमच्या लासुर्ण्याहून गाडी काढून मनाली गाठायची म्हणजे दोन हजार किलोमीटरच्या आसपास जायला आणि तेवढेच यायला. आठ दिवसांच्या सुट्टीतले निम्म्याहून जास्त दिवस पोरं मागच्या सीटवर काढणार. त्यातून डिसेंबरअखेर तिथे घसरण्याइतका जाड बर्फ पडलेला असेलच असं नाही. भरवशाचा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा पोरांची शाळा आणि तुमचा ऊस. आम्ही एकदा याच दिवसांत सोलंगला गेलो होतो. भाड्याचे कोट, भाड्याचे बूट, आणि पायाखाली चिखल. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता, त्याच्या लक्षात फक्त बसमधली उलटी राहिलीय. धाकटी दहा-बारा वर्षांची होऊ दे, मग रेल्वेनं निवांत जा, मीही येईन. यंदा नको.

यंदा तिला महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर घेऊन ये.

हसू नकोस. तळ्याच्या काठाला आणि लिंगमळ्याच्या पट्ट्यात कडाक्याच्या थंडीत दव गोठतं, हे तू दरवर्षी पेपरात वाचतेस. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. गावात दहा-बारा अंश असतात, स्वेटरवर भागतं, आणि तीन-चार किलोमीटरवर तळ्याकाठी गवत पांढरं झालेलं असतं. त्याचं कारण साधं आहे. रात्री आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब भराभर वर निघून जाते. गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत खाली खोलगटात साठते. तळ्याचा परिसर म्हणजे तसाच खोलगट. म्हणून गवताच्या पात्यावर, होडीच्या फळकुटावर, उभ्या गाडीच्या टपावर दव बसतं आणि तिथेच गोठतं. आपल्या बोरीच्या द्राक्षवाल्यांना विचार, कडाका पडला की सखल रानातल्या बागेला जास्त बसतो, हे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

मागच्या वर्षी माझ्या पुतणीला नेलं होतं. पावणेसातला आम्ही पोचलो. सूर्य अजून वर आला नव्हता. रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या रानात मल्चिंगच्या कागदावर साखर सांडल्यासारखं दिसत होतं. पोरीनं वाकून एक पान खुडलं. पानाच्या कडेला दातऱ्यादातऱ्यांवर बारीक पांढरे काटे उभे राहिले होते. तिनं ते जिभेवर ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, कुरकुर वाजलं." मग गाडीच्या टपावरचं नखानं खरवडून तिनं चिमूटभर गोळा केलं, मुठीत धरलं, आणि मूठ उघडली तर पाणी. पुन्हा खरवडलं. ऊन टपावर येईपर्यंत तिचं तेच चाललं होतं. आठ वाजता सगळं संपलं होतं, गवत नुसतं ओलं.

मी काही शब्द देत नाही हं. रोज असं होत नाही. ढग आले, वारा सुटला की काही नाही. पोरीला "बर्फ" असं सांगून आणू नकोस, "गोठलेलं दव शोधायला जायचंय" असं सांग. शोधायला म्हटलं की नाही सापडलं तरी पोरं रुसत नाहीत. आणि निघायच्या आदल्या दोन पहाटे अंगणात उभी राहून आभाळ बघ. तिकडे चांदण्या स्वच्छ दिसत असतील आणि हात बाहेर काढवत नसेल, तर इकडेही बऱ्यापैकी आशा असते.

आता गर्दीचं. हीच खरी गोम आहे आणि इथेच सगळे चुकतात.

चोवीस डिसेंबरच्या दुपारपासून मी गच्चीत कपडे वाळत घालताना बघते, सुरूर फाट्याकडून गाड्यांची माळ लागलेली असते. पसरणीचा घाट दोन पदरी, एखादी बस वळणावर अडली की मागचे सगळे अडकले. एकदा आम्हीच त्यात तीन तास बसलो होतो. माझ्या सासूबाईंना साखरेचा त्रास, गाडीत खायला नव्हतं, आणि खाली उतरून जायला जागा नव्हती. वर पोचलो तर ज्या खोलीचे पैसे आधी भरले होते ती दुसऱ्याला दिलेली. त्या दिवशी मी ठरवलं की सुट्टीच्या गर्दीत वर मुक्काम करायचा नाही. लोक ठिकाण निवडतात, मी वेळ निवडते. गर्दी सकाळी दहाला घाट चढते आणि संध्याकाळी पाचला तळ्यावर जमते. आपण पहाटे साडेपाचला चढायचं आणि ती वर येताना आपण उतरायचं. वाईहून वेण्णा तलाव तीस किलोमीटरच्या आत. पाचगणीकडून जाताना तळं आणि लिंगमळा गावाच्या अलीकडेच लागतात, महाबळेश्वरच्या बाजारपेठेत शिरायचंसुद्धा काम नाही.

म्हणजे मुक्काम माझ्याकडे. हॉटेलचा विषयच काढू नकोस.

रस्ता असा घ्या. लासुर्णे, भवानीनगर, बारामती, मग सांगवीवरून फलटण, लोणंद, खंडाळा, सुरूर फाटा आणि वाई. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर होतील. मध्ये एकदा थांबून साडेतीन तास धर. पण एक गोष्ट मला पाव्हण्यांना स्वतः सांगायचीय, त्यांना हे वाचून दाखव. अंधार पडल्यावर निघायचं नाही. गळीत हंगाम ऐन भरात असतो, छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, शिवाय फलटणकडचे कारखाने, सगळ्यांचा ऊस रस्त्यावर. तुम्हाला त्याची सवय आहे, म्हणूनच भीती वाटते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, टेपवर गाणी एवढी मोठी की हॉर्न ऐकू जात नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांत गेला की पुढची ट्रॉली दिसतच नाही, दिसतं ते पाचटाचं पांढुरकं टोक, आणि ते दिसेपर्यंत फार जवळ आलेलं असतं. आपल्या गावची किती घरं यात बसली ते तुला माहीत आहे. सकाळी नऊला निघा, दुपारी जेवायला माझ्याकडे. परतताना पण तसंच, दिवसाउजेडी घरात.

पोचलात की ऊन कलल्यावर मेणवलीला जाऊ. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि तिथली ती मोठी घंटा. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेली, तिच्यावर 1707 हे साल आहे. थोरल्याला इतिहास आवडतो ना, त्याला वसईची लढाई सांगायला लाव, तोपर्यंत धाकटी पायऱ्यांवर खेळेल. तुझ्या सासूबाईंना वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन होईल. रात्री पिठलं-भाकरी, आठला सगळे आडवे.

पहाटे पोरांना उपाशीही नाही आणि पोटभरही नाही, एक-एक बिस्किट आणि कोमट पाणी. दूध अजिबात नको, पसरणीच्या वळणांत ते टिकत नाही. तोंडात आवळासुपारी. धाकटीला मधे बसव, समोरचा रस्ता दिसेल असं, मोबाईल हातात देऊ नकोस. पाव्हण्यांना सांग, उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवायची, सारखा ब्रेक दाबून तापवायचा नाही. कपड्यांसाठी काही विकत घेऊ नकोस. आपल्याकडची जाड कानटोपी, दोन-दोन पायमोजे आणि हातमोजे. हातमोज्यांची एक जोडी जास्त घे, पहिली ओली होणार म्हणजे होणारच. सासूबाईंनी गाडीतच बसावं, तळ्याकाठचा तो गारठा गुडघ्यांना सोसत नाही. त्यांना मी थर्मासमध्ये चहा भरून देईन.

आठला दव विरलं की मग भिलारला वळायचं. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. लोकांच्या घरांच्या ओसरीवर, पडवीत मराठी पुस्तकं मांडलेली असतात, बसायचं आणि वाचायचं, पैसे नाहीत. एका घरी बालसाहित्य, एका घरी इतिहास, एका घरी संतसाहित्य. सासूबाईसुद्धा रमतील. आणि सगळा परिसर स्ट्रॉबेरीचा. शेतकऱ्याला विचारलं तर पोरांना रानात जाऊन खुडूही देतात, वजन करून पैसे द्यायचे. एक शिकव मात्र त्यांना, गोठलेलं दव आपल्याला गोड वाटतं पण त्या माणसाचा त्यात फुलोरा करपतो. पाव्हण्यांना ते सांगायला नको, पण पोरांना कळू दे. साडेदहाला आपण घाट उतरायला लागायचं.

तारखांचं तुझं खरं अवघड आहे, मला कळतं. थोरला मराठी शाळेत, त्याला नाताळचा एकच दिवस. धाकटी इंग्रजी माध्यमात, तिला आठवडा. माझं ऐकशील तर चोवीस, पंचवीस आणि तीस, एकतीस हे चार दिवस साफ सोड. थोरल्याचा एखादा दिवस बुडला तर बुडू दे, सव्वीस ते एकोणतीसमधले आठवड्याचे मधले दोन दिवस धर. आणि तेही जमेना तर जानेवारीतला दुसरा-तिसरा शनिवार-रविवार. पोरीला सुट्टीतच जायचंय म्हणून ती रडेल, पण जानेवारीत गर्दी ओसरलेली असते आणि कडाका बहुधा जास्त. मला विचारशील तर मी जानेवारीच निवडेन.

यात सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तुमची तोड. टोळी कधी येईल ते मुकादमालाही धड सांगता येत नाही, आणि उसाला कोयता लागला की पाव्हणे रान सोडून हलणार नाहीत, हलूही नयेत. वर्षाचं पीक आहे. म्हणून तर म्हणते, माझ्या घरी या. आदल्या रात्री रद्द केलंत तरी कुणाचे पैसे बुडत नाहीत. आणि तोड ऐन त्याच दिवशी आली तर पोरीला रिकामं ठेवू नकोस. भिगवण आहे की तासाभरावर. कुंभारगावला सकाळी होडीत बसव, उजनीच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरलेले असतात. शेकडो पक्षी एकदम उडाले की पंखांचा गुलाबी लाल रंग उघडतो, ते बघून ती आठ दिवस बर्फाचं नाव काढणार नाही. सकाळी जाऊन दुपारी घरी, पाव्हण्यांना सोबत घ्यायचीही गरज नाही, दिराला सांग.

गोधड्या मी आजच उन्हात घातल्यात. चार काढल्यात, सासूबाईंसाठी पाचवी जाड बघते. आवळासुपारी माझ्याकडे आहे, ती आणू नकोस. येताना एक करशील का, तुमच्याकडच्या गुऱ्हाळावरची थोडी काकवी आण, इथे तशी मिळत नाही. आणि टोळीचं काही कळलं की लगेच फोन कर, रात्री कितीही वाजले तरी.